रक्ताच्या पिशवीवरची तारीख बघून घाबरता, पण ती पिशवी उन्हातून कशी नेता?

मे महिना, नवतपा लागायला दोनतीन दिवस बाकी, आणि आईचं खुब्याचं ऑपरेशन. हिमोग्लोबिन ७.४ वर आलेलं. डॉक्टर म्हणाले दोन पीसीव्ही, म्हणजे नुसत्या लाल पेशींच्या दोन पिशव्या, लागतील, मग मी आणि माझा मावसभाऊ सॅम्पल, फॉर्म घेऊन ब्लड बँकेत. दीडेक तासानं खिडकीतून पहिली पिशवी हातात आली आणि दुधाच्या पिशवीवरची बघतो तशी मी तिच्यावरची तारीख बघितली, तर रक्त काढलेलं २४ दिवसांपूर्वी! मी तिथंच अडून बसलो, म्हटलं मॅडम हे तर शिळं रक्त आहे, माझ्या आईला ताजं द्या न. मावसभावानं तोवर मोबाइल काढून दोन ग्रुपवर मेसेज टाकलासुद्धा, "ओ पॉझिटिव्ह, अर्जंट, फ्रेश ब्लड पाहिजे, नागपूर". खिडकीतल्या टेक्निशियन ताई चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "दादा, एक्सपायरीला अजून १८ दिवस आहेत, आई तिकडे वाट पाहून राहिली असंल, आधी हे घेऊन जा, मग उद्या निवांत या, सगळं समजावून सांगते." मी खरंच गेलो दुसऱ्या दिवशी. त्यानंतर गेली काही वर्षं रक्तदान शिबिरात काम करतो, वाचतो, डॉक्टरांना विचारतो, आणि ताईंनी तेव्हा जे सांगितलं ते आज मी रोज कोणाला ना कोणाला सांगत असतो, कारण "ताजंच पाहिजे" हा हट्ट आपल्याकडे घराघरात आहे. म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतोय.

आधी पिशवीत असतं काय ते बघू. शिबिरात आपण ३५० किंवा ४५० मिली रक्त देतो, ते मशीनमध्ये गरगर फिरवून वेगळं करतात, प्लाझ्मा वेगळा, प्लेटलेट वेगळ्या, लाल पेशी वेगळ्या. आपल्याकडे लोक अजून "रक्ताची बॉटल" म्हणतात, काचेच्या बाटल्यांच्या काळातला शब्द राहून गेला तोंडात. या तिघांचं आयुष्य एकदम वेगवेगळं आहे. प्लाझ्मा उणे ३० डिग्रीला गोठवला की वर्षभर टिकतो, प्लेटलेट बिचाऱ्या २० ते २४ डिग्रीला सतत हलत्या ठेवाव्या लागतात आणि जेमतेम ५ दिवस जातात, आणि लाल पेशी २ ते ६ डिग्रीच्या फ्रीजमध्ये ३५ किंवा ४२ दिवस. ३५ का ४२ हे पिशवीत कुठलं द्रावण आहे त्यावर. सीपीडीए-१ असेल तर ३५, आणि सॅगएम, म्हणजे सलाइन, अॅडेनिन, ग्लुकोज आणि मॅनिटॉलचं मिश्रण, ते असेल तर ४२.

हे आकडे आले कुठून, हे मला कळलं तेव्हा अर्धी भीती गेली आणि अर्धी उलट वाढली, खरं सांगतो. १९१४ मध्ये सायट्रेट घातलं की रक्त गोठत नाही हे कळलं, १९१६ मध्ये राऊस आणि टर्नर यांनी त्यात साखर घातली आणि रक्त बरेच दिवस टिकायला लागलं, पहिल्या महायुद्धात १९१७ ला रॉबर्टसन नावाच्या डॉक्टरनं असं साठवलेलं रक्त जखमी सैनिकांना दिलं, १९३७ मध्ये शिकागोला फँटस यांनी "ब्लड बँक" हा शब्द रूढ केला. मग द्रावणं सुधारत गेली, २१ दिवस, ३५ दिवस, ४२ दिवस. पण प्रत्येक वेळी मोजलं काय, तर साठवलेल्या पेशी माणसाला दिल्यावर २४ तासांनी सरासरी ७५ टक्के तरी अंगात फिरत्या राहतात का, आणि पिशवीत फुटलेल्या पेशी १ टक्क्याच्या आत आहेत का. म्हणजे पेशी जगते का हे मोजलं, पेशंटला बरं वाटतं का, तो वाचतो का, हे नाही. ही फट होतीच, आणि पुढे ज्या शंका निघाल्या त्या या फटीतूनच.

आता फ्रीजमध्ये पेशीचं होतं काय. लाल पेशी म्हणजे फार साधी वस्तू, तिला केंद्रक नाही, मायटोकॉन्ड्रिया नाही, ती ऑक्सिजन वाहते पण स्वतः वापरत नाही, थोडी साखर जाळून एटीपी नावाचं इंधन बनवते आणि त्यावर चालते. साखर अशी जाळली की लॅक्टिक अॅसिड तयार होतं. शरीरात ते वाहून जातं, पिशवीत जाणार कुठं, साचतं. दूध फ्रीजमध्ये हळूहळू आंबट होतं तसंच समजा. आंबटपणा वाढला की इंधन बनवणं आणखी मंदावतं. त्यात थंडीमुळे पेशीच्या भिंतीवरचा पंप जवळजवळ बंद. हा पंप पोटॅशियम आत ओढतो आणि सोडियम बाहेर टाकतो. ज्यांच्या बिल्डिंगच्या तळघरात पावसाळ्यात पाणी झिरपतं त्यांना लगेच कळेल, लाइट गेली, मोटर बंद, पण झिरपणं काही थांबत नाही. तसं पोटॅशियम पेशीतून बाहेर झिरपत राहतं. आपल्या रक्तात ते लिटरला ३.५ ते ५ मिलिमोलच्या आसपास असतं, आणि ४२ दिवसांच्या पिशवीतल्या बाहेरच्या पाण्यात ५० पर्यंत जातं. आकडा ऐकून छातीत धस्स होतं, पण पिशवीत ते पाणी असतंच थोडं, शंभरेक मिली, म्हणजे एकूण पोटॅशियम ५-६ मिलिमोल, एका केळ्यात असतं त्यापेक्षा कमी. फरक एवढाच की केळं पोटातून सावकाश येतं आणि पिशवी थेट शिरेत, आणि हा फरक काही लोकांसाठी फार मोठा असतो, त्यावर पुढे येतो.

दुसरी गोष्ट २,३-डीपीजी. नाव किचकट आहे, काम सोपं. हिमोग्लोबिनला ऑक्सिजन सोडायला लावणारा हा पदार्थ. हा कमी झाला की हिमोग्लोबिन ऑक्सिजन घट्ट धरून बसतं, रक्त लाल दिसतं पण स्नायूपर्यंत गेल्यावर माल उतरवत नाही. साठवणीच्या पहिल्या दोन आठवड्यांतच हा जवळपास संपतो. इथं एक गंमत लक्षात घ्या, म्हणजे ज्याला आपण "तसं ताजंच आहे" म्हणतो त्या १४ दिवसांच्या पिशवीतही तो नसतोच. पण अंगात गेल्यावर पेशी तो परत बनवतात, काही तासांत निम्मा आणि दोनतीन दिवसांत जवळपास पूर्ण.

तिसरं म्हणजे आकार. ताजी पेशी मधे दबलेली, चपटी, लवचिक, स्वतःपेक्षा अरुंद केशवाहिनीतूनही अंग चोरून निघते. साठवणीत तिला काटे फुटल्यासारखे दिसतात, मग ती गोल व्हायला लागते, बारीक बारीक तुकडे सुटतात, काही फुटतात आणि मोकळं हिमोग्लोबिन बाहेर येतं, ते रक्तवाहिन्या सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड शोषून घेतं. या सगळ्याला मिळून डॉक्टर लोक "स्टोरेज लीजन" म्हणतात.

एवढं वाचलं की कोणालाही वाटेल ताजंच द्यावं. डॉक्टरांनाही वाटलं. २००८ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकनं हार्टच्या ऑपरेशनच्या ६००२ पेशंटचे जुने रेकॉर्ड तपासले, तर १४ दिवसांपेक्षा जुनं रक्त मिळालेल्यांत हॉस्पिटलमधले मृत्यू २.८ टक्के आणि ताजं मिळालेल्यांत १.७ टक्के. खळबळ उडाली. पण हा अभ्यास मागे वळून बघणारा होता, कोणाला कुठली पिशवी द्यायची हे चिठ्ठी टाकून ठरवलेलं नव्हतं. असल्या अभ्यासात फसगत कशी होते ते बघा. जो जास्त सिरियस त्याला जास्त पिशव्या, आणि ज्याला जास्त पिशव्या त्याच्या वाट्याला एखादी जुनी येण्याची शक्यताही जास्त. मग तो गेला तर दोष जुन्या पिशवीचा की मुळात तो सिरियस होता त्याचा? हिशेब करून हे वेगळं काढायचा प्रयत्न करतात, पण शंका उरतेच.

म्हणून मग चिठ्ठ्या टाकून अभ्यास झाले, आणि एकदोन नाही, पुष्कळ. २०१५ च्या एबल अभ्यासात आयसीयूतले जवळपास २४०० पेशंट, एका गटाला सरासरी ६ दिवसांचं रक्त, दुसऱ्याला २२ दिवसांचं, आणि ९० दिवसांत मृत्यू ताज्या गटात ३७ टक्के, जुन्या गटात ३५.३. बरोबर वाचलं तुम्ही, ताज्याचा आकडा किंचित जास्त, पण तो फरक योगायोगाच्या मर्यादेतला, म्हणजे फरक नाहीच असं समजायचं. त्याच वर्षीच्या रिसेस अभ्यासात हार्टच्या मोठ्या ऑपरेशनचे पेशंट, म्हणजे नेमका तोच गट जिथून भीती सुरू झाली होती, १० दिवसांच्या आतलं विरुद्ध २१ दिवसांच्या पुढचं, अवयवांवरचा परिणाम सारखा. २०१६ च्या इन्फॉर्म अभ्यासात ऑस्ट्रेलिया, कॅनडा, इस्रायल, अमेरिका मिळून मुख्य हिशेबातच २० हजारांवर पेशंट, ताज्या आणि जुन्या गटांत मृत्यू ९.१ आणि ८.७ टक्के, पुन्हा तेच. २०१७ चा ट्रान्सफ्यूज, आयसीयूतले जवळपास ५ हजार, २४.८ आणि २४.१ टक्के. आणि यात एक गोष्ट उलटीच निघाली, ताप येण्याची रिअॅक्शन ताज्या रक्तानं थोडी जास्त आली, ५ टक्के विरुद्ध ३.६.

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो युगांडातल्या कंपाला शहरातला अभ्यास, २०१५ चा. कारण ती परिस्थिती आपल्या गडचिरोली-मेळघाटाकडच्या लेकरांसारखी. २९० लहान मुलं, हिमोग्लोबिन अगदी तळाला, शरीरात लॅक्टिक अॅसिड साचलेलं, म्हणजे पेशींना ऑक्सिजन मिळत नसल्याची थेट खूण. एका गटाला १० दिवसांच्या आतलं रक्त, दुसऱ्याला २५ ते ३५ दिवसांचं. "जुनं रक्त ऑक्सिजन सोडत नाही" हे खरं असेल तर तो फरक इथं दिसायलाच पाहिजे होता. ८ तासांत अॅसिड उतरलेली मुलं दोन्ही गटांत साधारण सारखीच, १०० तली ६० च्या आसपास. लेकरांच्या अंगात त्या जुन्या पेशींनी जाऊन काम केलं.

मग लॅबमध्ये दिसणारं नुकसान पेशंटमध्ये का दिसत नाही? एक तर शरीर पिशवी नाही. अंगात ३७ डिग्री मिळाली, साखर मिळाली की पंप चालू होतो, पोटॅशियम परत आत जातं, २,३-डीपीजी बनतं, आणि ज्या पेशी खरंच कामातून गेल्या त्या प्लीहा पहिल्या दिवसातच उचलून टाकतो. दुसरी गोष्ट मला स्वतःला फार उशिरा सुचली. लाल पेशी जगते १२० दिवस, आणि आपल्या अंगात रोज थोड्या जन्मतात, थोड्या मरतात. म्हणजे मी आत्ता खुर्चीवर बसून रक्त दिलं तरी त्या "एकदम ताज्या" पिशवीत आजच्या पेशी आहेत तशा ११० दिवसांच्याही आहेत, त्यामुळे एकदम ताजं असं रक्त मुळात कोणाच्याच अंगात नसतं.

तरी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. या अभ्यासांत बहुतेक तुलना "ताजं" आणि "नेहमीचं, तीनेक आठवड्यांचं" अशी होती, अगदी शेवटच्या आठवड्यातलं रक्त मिळालेले पेशंट त्यामानानं कमी. इन्फॉर्ममधल्या पेशंटचा ३५ दिवसांवरच्या रक्तासाठी वेगळा हिशेब केला, त्यात मृत्यू वाढलेले दिसले नाहीत. पण न्यूयॉर्कच्या कोलंबिया युनिव्हर्सिटीतल्या डॉक्टरांनी २०१७ मध्ये निरोगी माणसांना त्यांचंच रक्त १ ते ६ आठवडे साठवून परत दिलं, तर ५ आठवड्यांपर्यंत ठीक आणि सहाव्या आठवड्यात पेशी मरण्याचं आणि रक्तात लोह सुटण्याचं प्रमाण एकदम वाढलं. ब्रिटनमध्ये मुदत ३५ दिवसांचीच आहे. माझं मत विचाराल तर शेवटच्या आठवड्याबद्दल शंका घेणं वाजवी आहे, पण १५ का २५ दिवस यावरून खिडकीत भांडणं वाजवी नाही.

आता ज्यांना खरंच ताजं लागतं त्यांच्याबद्दल, कारण आपला हट्ट शेवटी यांच्याच आड येतो. नवजात बाळाची कावीळ फार वाढली की त्याचं जवळजवळ सगळं रक्त बदलतात. त्याला साधारण ५-७ दिवसांच्या आतलं रक्त शोधतात, कारण एवढ्याशा जिवाला ते पोटॅशियम झेपत नाही. अडीचतीन किलोच्या बाळाला ते केळं थेट शिरेतून दिल्यासारखं आहे. कोणाला धडाधड पिशव्या चढवाव्या लागतात, मोठा अपघात, बाळंतपणातला रक्तस्राव, तिथंही डॉक्टर पोटॅशियमवर डोळा ठेवतात, किडनी बंद असेल तर आणखीच. मग थॅलेसेमियाची मुलं. त्यांना दर २ ते ४ आठवड्यांनी आयुष्यभर रक्त, आणि प्रत्येक पिशवीबरोबर अंगात लोह. जुन्या पिशवीतल्या जितक्या जास्त पेशी पहिल्याच दिवशी मरतात, तितकी पुढची पिशवी लवकर लागते, म्हणून त्यांना शक्य तिथं २ आठवड्यांच्या आतलं देतात. तुमच्या वडिलांच्या हर्नियासाठी तुम्ही भांडून ५ दिवसांची पिशवी नेली तर ती कदाचित अशाच एखाद्या लेकराची होती, हे कोणी तुम्हाला सांगत नाही, म्हणून मी सांगतोय.

सिकलसेलचं, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात त्या आनुवंशिक आजाराचं, आपल्या विदर्भात वेगळंच. इथं सिकलसेलचा पेशंटही आहे आणि ज्याला काही त्रास नाही असा वाहकही आहे, आणि वाहक रक्तदान करू शकतो. पण सिकलसेलच्या पेशंटला किंवा नवजात बाळाला द्यायची पिशवी वाहकाची नको, त्यासाठी ती तपासावी लागते. शिवाय ज्यांना वारंवार रक्त लागतं त्यांच्यासाठी एबीओ आणि पॉझिटिव्ह-निगेटिव्हच्या पलीकडचे बारीक गट जुळवणं तारखेपेक्षा कितीतरी महत्त्वाचं. एकदा त्या रक्ताविरुद्ध अंगात अँटीबॉडी तयार झाल्या की पुढे आयुष्यभर मॅच होणारी पिशवी शोधत फिरावं लागतं.

आणि "माझाच भाऊ देतो न रक्त, लगेच काढा, लगेच चढवा", हे तर कृपा करून नकोच. एक तर एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस, मलेरिया एवढ्या टेस्ट व्हायला वेळ लागतो आणि तो लागू द्यावा. दुसरं म्हणजे जवळच्या नातेवाइकाच्या ताज्या रक्तात जिवंत पांढऱ्या पेशी असतात, त्या पेशंटच्या शरीराला इतक्या सारख्या वाटतात की शरीर त्यांना मारत नाही, आणि मग त्याच पेशी पेशंटच्या शरीरावर हल्ला करतात. हे फार क्वचित होतं पण झालं तर माणूस सहसा वाचत नाही. म्हणून सख्ख्या नात्यातलं रक्त द्यायचंच झालं तर आधी त्या पिशवीला रेडिएशन देतात. भावाला रक्त द्यायचंय ना, देऊ द्या, पण ते बँकेत जमा होऊ द्या आणि पेशंटला दुसऱ्या कोणाचं तपासून ठेवलेलं चढू द्या.

आता ज्यासाठी मुळात लिहायला बसलो ते. त्या दिवशी मी तारखेवरून इतका भांडलो, आणि मग केलं काय? पिशवी भाजीच्या कॅरिबॅगेत टाकली, स्कूटरच्या हँडलला अडकवली आणि दुपारी दीड वाजता, ४५ डिग्रीत, मेडिकल चौकातून धंतोलीपर्यंत सिग्नलवर थांबत थांबत आलो. २४ दिवस ४ डिग्रीला जपलेलं रक्त मी २० मिनिटं उन्हात शेकलं. ताईंनी दुसऱ्या दिवशी पहिला प्रश्न हाच विचारला, "नेली कशात?" आणि मी गप्प. गरम झालं की फ्रीजमध्ये मंदावलेलं सगळं धावायला लागतं, पेशी फुटतात, आणि चुकून एखादा जंतू आत असेल तर तो वाढायला लागतो. तारखेचं नुकसान सावकाश, मोजलेलं, आणि बहुतेकांना न जाणवणारं. उन्हाचं नुकसान कोणी मोजतच नाही.

म्हणून पिशवी आणायला जाताना थर्मोकोलचा किंवा प्लास्टिकचा बंद डबा न्या, तळाशी बर्फाचे पॅक, त्यावर जाड टॉवेल किंवा पुठ्ठा, मग पिशवी. बर्फाला थेट टेकवू नका, गोठलेल्या पेशीही फुटतात. वाटेत रसवंतीवर थांबू नका. दोन पिशव्या लागणार असतील तर दोन्ही एकदम आणू नका, एक चढत आली की दुसरीला जा, फेरा पडतो पण फ्रीज बँकेचाच खरा. वॉर्डातल्या औषधांच्या फ्रीजमध्ये तर ठेवूच नका, तिथलं तापमान कोणी लिहून ठेवत नाही. "थंड रक्त बाधेल" म्हणून पिशवी गरम पाण्यात बुडवतात, काखेत धरतात, छातीशी धरून बसतात, आमच्या वॉर्डात एक आजी तिच्या नातीसाठी पदराखाली घेऊन बसली होती, किती माया होती त्यात, पण नको. एकदोन पिशव्या नेहमीच्या वेगानं चढत असतील तर गरम करायची गरजच नसते, आणि जिथं असते तिथं वेगळं मशीन असतं. बँकेच्या फ्रीजमधून काढल्यापासून अर्ध्या तासात लावायला घ्यावी, आणि लावल्यापासून ४ तासांच्या आत संपवावी. उरली तरी नंतर चढवायची नाही.

आणि लावताना सिस्टर नाव, नंबर, ग्रुप वाचतात तेव्हा तुम्हीही बाजूला उभे राहून वाचा, फाइलवरचं आणि पिशवीवरचं. चुकीच्या माणसाला चुकीच्या ग्रुपची पिशवी लागणं, माणूस यानं जातो. पहिली १५ मिनिटं पेशंटजवळच थांबा, थंडी वाजली, कंबर दुखली, दम लागला, अंगावर पित्त उठलं, काहीही झालं तरी लगेच सिस्टरला हाक मारा, ती नळी तिथंच बंद करेल.

आईची दुसरी पिशवी ९ दिवसांची निघाली होती, मी न भांडता. ती मी संध्याकाळी सात वाजता, मावसभावाच्या मुलाच्या वॉटरबॅगवाल्या छोट्या कूलबॉक्समध्ये, टॉवेलात गुंडाळून आणली. सकाळी हिमोग्लोबिन ९.१ आलं.